ईएफ66 इंजिन: घेताना पारखायचं कसं, घेतल्यावर बदलायचं काय

जपानी रेल्वेचं ईएफ66 हे विजेचं इंजिन एन स्केलमध्ये काटो आणि तोमिक्स या दोन्ही ब्रँडखाली मिळतं. जपानला जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती यादी द्यायची वेळ आली की आपल्याकडचे हौशी हमखास विचारतात, यातलं कोणतं मागवू? माझं उत्तर दरवेळी एकच असतं. या इंजिनामागे कोणती गाडी लावणार ते आधी ठरवा. गाडी ठरली की इंजिनाचा क्रमांक ठरतो आणि क्रमांकावरून त्याचं रूप ठरतं. मग कोणत्या पेटीतलं इंजिन कमीत कमी हात लावून आपल्या कामाचं होईल, हे दिसायला लागतं. चेहरा आवडला म्हणून इंजिन आधी घेतलं, तर नंतर त्याला शोभणारी गाडी जमवण्यात बराच पैसा जातो आणि मेळ बसतोच असंही नाही.

मूळ इंजिनाची थोडी ओळख करून घेऊ, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. 1960च्या दशकात जपानच्या राष्ट्रीय रेल्वेला 1,000 टनांची मालगाडी ताशी 100 किलोमीटरनं न्यायची होती. ते काम आधी दोन ईएफ65 इंजिनं एकापुढे एक जोडून चालवलं जाई. मग 1966 मध्ये ईएफ90 नावाचं एक नमुना-इंजिन बांधलं गेलं आणि 1968 ते 1974 या काळात त्याच्या अनुभवावरून 55 ईएफ66 इंजिनं तयार झाली. नमुना-इंजिनालाही पुढे ईएफ66 901 हा क्रमांक मिळाला. तीन बोग्या, सहा आस, सहाही आसांना मोटर आणि एकूण ताकद 3,900 किलोवॉट. एवढी ताकद 1,067 मिलिमीटर रुंदीच्या अरुंद रुळांवर होती, हे मला आजही विलक्षण वाटतं. तारेतली वीज 1,500 व्होल्ट डीसी. मुंबईच्या लोकल मार्गांवर 25,000 व्होल्टची एसी यंत्रणा येईपर्यंत तोच दाब होता. मार्च 1985 मध्ये हे मालगाडीचं इंजिन हायाबुसा, फुजी, साकुरा अशा निळ्या शयनयान गाड्यांपुढे लागलं आणि एकदम लोकप्रिय झालं.

आता क्रमांकांकडे या. पहिल्या 20 इंजिनांना बांधणीच्या वेळी पुढच्या काचांवर छज्जा नव्हता, 21 पासून पुढच्यांना तो मुळातच होता. निळ्या गाड्या ओढायला 40 ते 55 या क्रमांकांची इंजिनं होती. 1987 मध्ये रेल्वेचं विभाजन झालं तेव्हा हीच 16 इंजिनं पश्चिम जपानच्या प्रवासी कंपनीकडे गेली आणि बाकीची मालवाहतूक कंपनीकडे. मालवाहतूक कंपनीच्या इंजिनांच्या छपरावर, कॅबच्या वर, नंतर वातानुकूलनाची (एसीची) पेटी बसली. काही इंजिनांवर मूळचे पेंटोग्राफ काढून पीएस22बी जातीचे बसवले गेले. त्यांच्या खालच्या दांड्या एकमेकींना छेदून जातात. म्हणून हायाबुसाच्या डब्यांपुढे छपरावर एसीची पेटी असलेलं इंजिन लावलं, की जाणकाराची नजर तिथेच अडते. उलट, कंटेनरची अलीकडच्या काळातली गाडी असेल तर 27 क्रमांकाचं इंजिन अगदी शोभतं. ते जुन्या रूपातलं शेवटचं चालतं इंजिन म्हणून 2022 पर्यंत धावत होतं. आणखी एक खबरदारी: 1989 ते 1991 मध्ये बांधलेली 33 ईएफ66-100 इंजिनं नावानं त्याच घराण्यातली असली, तरी चेहऱ्यानं अगदी निराळी आहेत. यादीत नुसतं ईएफ66 लिहिलं तर दुकानदार कोणतंही काढून देईल. शून्य मालिका की 100 मालिका, छज्जा आहे की नाही, एसी आहे की नाही, हे यादीतच लिहा.

मापांबद्दल थोडं. एन स्केलचा रूळ 9 मिलिमीटरचा. युरोप-अमेरिकेतला 1,435 मिलिमीटरचा रूळ 160 पट लहान केला की बरोबर 9 मिलिमीटर येतो. जपानी साधी रेल्वे मात्र 150 पट लहान करतात आणि तिचा रूळ मुळात अरुंद, म्हणजे हिशेबानं तो जेमतेम 7.1 मिलिमीटर हवा. त्यामुळे एन स्केलमधलं प्रत्येक जपानी इंजिन समोरून पाहिलं तर थोडं फाकलेल्या पायांवर उभं दिसतं. दोन्ही उत्पादकांचं हे समान आहे आणि यावर घरगुती उपाय नाही. मांडणी करताना मुख्य मार्ग बाजूनं दिसेल असा ठेवावा, एवढंच आपल्या हाती. भारतीय ब्रॉडगेजचं उलट आहे. 1,676 मिलिमीटर भागिले 160 म्हणजे साडेदहा मिलिमीटर. म्हणून जपानी इंजिनाला मध्य रेल्वेचे रंग देऊन आपलं इंजिन करण्याचा विचार मनात येतो, तो मी नेहमी परतवतो. रुंदी, उंची, बोग्या काहीच जुळत नाही आणि एक चांगलं ईएफ66 मात्र हातचं जातं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे त्यांना एचओ स्केलची, म्हणजे 87 पट लहान गाड्यांची सवय असते. एन स्केलमध्ये लांबी त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक राहते. 18.2 मीटरचं ईएफ66 इथे 121 मिलिमीटरचं होतं. दोन बेडरूमच्या घरात पलंगाखाली सरकवता येईल अशा फळीवर त्याला धावायला पुरेशी जागा मिळते, हा या स्केलचा मोठाच फायदा.

रुळावरची तुलना

इंजिनांची तुलना बहुतेक जण पेटीतल्या फोमवरच करतात आणि चेहऱ्यावरच थांबतात. मी आधी रुळावर करतो. त्याला लागतं काय? एक वर्तुळाकार मार्ग, एकच पॉवर पॅक, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. रूळ आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, नाहीतर तुम्ही रुळावरच्या धुळीची परीक्षा घ्याल. नवीन इंजिन मध्यम वेगानं, मागे काही न जोडता, अर्धा तास एका दिशेनं आणि अर्धा तास दुसऱ्या दिशेनं फिरू द्या. मोटरचे ब्रश आणि दाते एकमेकांना सरावल्याशिवाय इंजिनाचा खरा स्वभाव कळत नाही. जुनं इंजिन असेल तरी दहा मिनिटं गरम होऊ द्या.

मग सपाट, सरळ रुळावर 1 मीटर अंतर कागदी चिकटपट्टीनं आखा. इंजिनाला ते कापायला जितके सेकंद लागले, त्यानं 540ला भागा. उत्तर म्हणजे 150च्या मापात ताशी किलोमीटर. 10 सेकंद लागले तर 54 किलोमीटर. मूळ ईएफ66ची कमाल मर्यादा 110 किलोमीटर, म्हणजे आपल्या फळीवर तेवढ्या अंतराला जवळजवळ 5 सेकंद. हे एकदा मोजून पाहिलंत की लक्षात येईल, आपण घरात गाड्या किती बेफाम पळवतो. पॉवर पॅकची मूठ साधारण कुठे असताना हा 5 सेकंदांचा वेग येतो, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि दोन इंजिनांच्या खुणा कुठे आहेत ते पाहा. ज्या इंजिनाला हा वेग मुठीच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर मिळतो ते हाताळायला सोपं, कारण खालच्या वेगांना जागा जास्त राहते.

माझ्या मते खरी परीक्षा मंद गतीची. न थांबता, न गचकता 1 मीटरला पूर्ण मिनिटभर घेणारं इंजिन, म्हणजे ताशी 9 किलोमीटर, उत्तम समजावं. गचके बसत असतील तर ते कुठे बसतात ते बघा. रुळाच्या एकाच जागी बसत असतील तर दोष रुळाचा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा बसत असेल तर दात्यात कचरा आहे किंवा चाक आसावर सरळ बसलेलं नाही. कुठेही, कसाही बसत असेल तर चाकाकडून मोटरकडे जाणारी वीज तुटते आहे. बोगीतल्या तांब्याच्या पट्ट्या आणि चाकांचे कडे पुसून पुन्हा बघा.

ओढण्याची ताकद चढावर मोजायची. तयार मिळणाऱ्या खांबांच्या संचांवर 4 टक्के चढ सर्रास असतो, म्हणजे 1 मीटरला 40 मिलिमीटर. आपल्या भोर घाटात चढ 37ला 1, म्हणजे मीटरला 27 मिलिमीटर, आणि तिथेही जड गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे ध्यानात घेतलं की 4 टक्के किती तीव्र आहे ते कळेल. चढ सरळ ठेवा, एकेक डबा वाढवत जा आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली की डबे मोजा. वळणावर घेतलेली मोजणी निराळी लिहून ठेवा. 315 मिलिमीटर त्रिज्येचं वळण खऱ्या मापात फक्त 47 मीटरचं होतं आणि वळणावर डब्यांचं घर्षण खूप वाढतं.

ही ताकद कशावर अवलंबून असते, ते इंजिन उलटं करून दिसतं. सहा आस दिसले तरी नमुन्यांमध्ये बहुधा टोकाच्या दोन बोग्याच मोटरला जोडलेल्या असतात. मधली बोगी वळणावर बाजूला सरकून नुसती सोबत जाते. काही चाकांवर पातळ रबरी टायर असतात. पकड त्यांच्यामुळे येते, पण ती चाकं रुळातून वीज घेत नाहीत. टायर जास्त म्हणजे ओढ जास्त आणि वीज घ्यायला चाकं कमी, हा सौदा प्रत्येक उत्पादकानं आपापल्या परीनं केलेला असतो. मधल्या बोगीवरची स्प्रिंग फार ताठ असेल तर ती इंजिनाचं वजन स्वतःवर घेते आणि चालती चाकं हलकी होतात. घसरणाऱ्या इंजिनात शिसं भरण्याआधी ही स्प्रिंग जरूर तपासा.

एवढं झाल्यावर चेहरा. मूळ इंजिनाचा अगदी समोरून आणि बाजूनं काढलेला फोटो घ्या, दोन्ही नमुन्यांचे फोटो त्याच उंचीवरून, थोडं लांब जाऊन झूम करून काढा आणि शेजारी ठेवा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि तुलना खोटी ठरते. ईएफ66च्या बाबतीत मी पुढच्या काचांचा कल, नाकावरची रुपेरी पट्टी आणि हेडलाइटच्या खोबणीची खोली एवढं पाहतो. निळा रंग क्रमांक 15 आणि क्रीम रंग क्रमांक 1 दोघेही देतात, तरी छटेत फरक राहतो. दोन्ही इंजिनं एकाच गाडीला आलटून पालटून लावायची असतील तरच त्याची काळजी करा. क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात 35 क्रमांकाचं आणि ओमियाच्या संग्रहालयात 11 क्रमांकाचं ईएफ66 ठेवलेलं आहे. जपानातल्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे, क्योतोला गेलात तर इंजिनाच्या खालूनही फोटो काढा. तिथे ते खालून पाहण्याची सोय आहे आणि बोग्यांच्या रंगकामाला त्या फोटोंइतका दुसरा आधार नाही.

उत्पादकांच्या सवयींचं म्हणाल तर काटोचं इंजिन पेटीतून काढलं की जवळपास तयार असतं. क्रमांकाच्या पट्ट्या बहुधा खाचेत दाबून बसतात. तोमिक्सच्या पेटीत भोंगा, अँटेना, कठड्याच्या दांड्या असे बारीक भाग बऱ्याचदा वेगळे येतात, ते आपण बसवायचे आणि काही ठिकाणी भोकंही आपणच पाडायची. ज्यांना हातकाम आवडतं त्यांनी तोमिक्स घ्यावं, ज्यांना त्याच संध्याकाळी गाडी धावलेली हवी त्यांनी काटो. जुन्या बाजारातून, म्हणजे अकिहाबारा किंवा ओसाकाच्या निप्पोम्बाशीतल्या दुकानांतून घेताना एवढं बघा: वेगळ्या भागांची फ्रेम पेटीत आहे का, क्रमांक आधीच चिकटवलेले आहेत का, आणि हेडलाइट पिवळट-हिरवट तर नाही ना. चिकटवलेला क्रमांक आपल्या गाडीशी जुळत असेल तर ते इंजिन स्वस्तात मिळालं असं समजा.

हात कुठे आणि किती लावायचा

बदल करताना माझा एकच दंडक आहे. जे परत मूळ जागी आणता येईल ते आधी, जे येणार नाही ते सगळ्यात शेवटी. कपलिंग, पट्ट्या, पेंटोग्राफ, वजन, दिवे आणि मग रंग, असा तो क्रम होतो.

कपलिंगनं इंजिनाचं रूप जितकं पालटतं तितकं दुसऱ्या कशानं नाही. पेटीतून येणारं आर्नोल्ड कपलिंग हे 1960च्या दशकातल्या आर्नोल्ड रापिडो या जर्मन ब्रँडचं. जगभर एन स्केलमध्ये तेच रूढ झालं. ते खात्रीचं आहे, पण इंजिनाच्या नाकाखाली चौकोनी ठोकळा लटकतो आणि डब्यांमध्ये अंतर पडतं. काटोचं नकल कपलिंग किंवा तोमिक्सचं टीएन कपलिंग बसवलं की पुढचा भाग एकदम खरा दिसतो. सगळे डबे बदलण्याची मात्र गरज नाही. इंजिनाच्या पुढच्या टोकालाच नवं कपलिंग बसवा, मागच्या टोकाला आर्नोल्ड राहू द्या. गाडी पूर्वीसारखी जोडली जाते आणि लोकांच्या नजरेसमोर येणारं टोक मात्र नीटस दिसतं. काढलेलं कपलिंग आणि त्याची स्प्रिंग छोट्या झिपच्या पिशवीत, वर इंजिनाचा क्रमांक लिहून, पेटीतच ठेवा.

कवच काढायला शक्ती लागत नाही. कवचाच्या कडेखाली दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकच्या, जुन्या सिम कार्डच्या पट्ट्या सरकवा. कवच केसभर फाकलं की आतला सांगाडा खाली निसटतो. पेंटोग्राफ आधी काढून ठेवा. बहुतेक मोडतोड त्यांचीच होते. क्रमांकाच्या पट्ट्या चिकटवायच्या असतील तर सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेनं भोवतीचा रंग पांढुरका होतो. रबरी जातीचा डिंक टाचणीच्या टोकावर घेऊन लावा, म्हणजे पुढे क्रमांक बदलायचा झाला तर पट्टी सुटते. भोकं पाडायची तर हातानं फिरवायच्या पिन-व्हाइसनं, आतल्या बाजूनं खूण दिसत असेल तर तिथून. आधी सुईनं टिंब करा, मग अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलनं सुरुवात करा आणि भाग बसवून बघत बघत मोठं करा. 20च्या आतला क्रमांक देऊन छज्जा कापायचा असेल तर चाकूनं एका घावात न कापता मिलिमीटरचा शेवटचा अंश पॉलिश पेपरनं घासून काढावा. तिथला निळा रंग पुन्हा द्यावा लागेल. हे परत न येणारं काम आहे, त्यामुळे छज्जा नसलेलाच नमुना मिळत असेल तर तोच घ्या.

वजन वाढवायचं असेल तर शिशाचा पातळ पत्रा चालत्या बोग्यांच्या वर, दोन्ही टोकांना समान घाला. 5 ग्रॅम घालून चढावरची परीक्षा पुन्हा घ्या आणि फरक पडत असेल तरच पुढे जा. वजनाबरोबर मोटर जास्त वीज ओढते आणि लहान मोटर बंद कवचात तापते. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि पत्र्याला चिकटपट्टी गुंडाळा. आतला सांगाडा धातूच्या दोन अर्ध्या भागांचा असतो. एका अर्ध्यातून एका रुळाची वीज आणि दुसऱ्यातून दुसऱ्या रुळाची. शिशाचा उघडा पत्रा दोघांना टेकला की शॉर्ट सर्किट ठरलेलं.

जुन्या इंजिनातला पिवळट-हिरवट दिवा बदलायला मी सगळ्यांनाच सांगतो, कारण खर्च थोडा आणि गुण मोठा. 1.6 बाय 0.8 मिलिमीटरचे उबदार पांढरे चिप एलईडी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत विचारून पाहा. हिशेब सोपा आहे. रुळात जास्तीत जास्त 12 व्होल्ट, एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, उरले 9; त्यातून 5 मिलिअँपिअर जाऊ द्यायचे तर 1,800 ओहमचा रेझिस्टर लागतो. तिथे 1.8 किलो-ओहम लावा, फार उजेड वाटला तर 2.2. गाडी मागे जाते तेव्हा रुळातली वीज उलटते आणि एलईडीला उलटा दाब सोसत नाही. बहुतेकांची मर्यादा 5 व्होल्टच असते. म्हणून मूळ सर्किटवर संरक्षणाचा डायोड नसेल तर 1एन4148 जातीचा एक डायोड एलईडीच्या ओळीत टाकाच. सोल्डरिंगचं टोक बारीक हवं आणि डाग 2 सेकंदांत द्यायला हवा. नवा दिवा लावल्यावर नाकाचं प्लास्टिक आतून उजळून निघालं तर कवचाच्या आतल्या बाजूनं आधी काळा, मग रुपेरी रंग द्या. फक्त दिव्याची वाट मोकळी ठेवा.

दोन इंजिनं एकत्र जोडायची इच्छा पुष्कळांना असते. इतिहास बघितला तर जोडीनं मालगाडी ओढण्याची खरी परंपरा ईएफ65ची, ईएफ66 आलंच मुळी ती जोडी मोडायला. म्हणून जोडी लावायची तर मी ईएफ65च्या दोन नमुन्यांची लावतो. जोडण्याआधी दोन्ही इंजिनं वर्तुळाच्या समोरासमोरच्या बाजूंना, एकाच दिशेनं, अर्ध्या वेगावर सोडा. कोण कोणाला किती फेऱ्यांत गाठतं ते पाहा. दहा फेऱ्यांतही गाठलं नाही तर निर्धास्त जोडा. तीन-चार फेऱ्यांतच गाठत असेल तर थांबा. मोटर आणि चाकांमध्ये वर्म गिअर असतो आणि चाकं ढकलून मोटर फिरत नाही. हळू इंजिन वेगवान इंजिनाला ब्रेकसारखं मागे खेचतं आणि रबरी टायर झिजतात. वेगवान इंजिनाच्या मोटरला जाणाऱ्या तारेत 1 अँपिअरचे दोन डायोड एकमेकांच्या उलट दिशेनं समांतर जोडले की दोन्ही दिशांना सुमारे 0.7 व्होल्ट कमी मिळतात आणि वेग खाली येतो. सपाट एम7 डायोड एन स्केलच्या छपराखाली मावतात. याशिवाय जोडीतल्या एका इंजिनाचे टायरवाले आस काढून साधे बसवले तर ते जरा घसरून जुळवून घेतं आणि त्याला वीजही जास्त चाकांतून मिळते.

डीसीसीबद्दल, म्हणजे रुळातून डिजिटल संकेत पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात सांगतो. युरोपियन इंजिनांत मिळतं तसं ठरावीक सॉकेट जपानी इंजिनांत सहसा नसतं. डीकोडर बसवायचा तर मोटरचे दोन्ही संपर्क सांगाड्यापासून पूर्ण तोडून घ्यावे लागतात. मल्टिमीटरनं ते तुटल्याची खात्री केल्याशिवाय रुळावर ठेवलंत तर डीकोडर क्षणात जळतो. फळीवर दोन-तीन गाड्याच धावणार असतील तर माझा सल्ला साध्या डीसीवरच राहण्याचा आहे.

रंग सगळ्यात शेवटी. निळी शयनयान गाडी ओढणारी इंजिनं धुतलेली, चकचकीत असत. त्यांच्या कवचाला हात लावू नका. फक्त बोग्यांवर ब्रेकच्या धुळीचा पातळ तपकिरी हात द्या. प्लास्टिकची चमक त्यानं मोडते आणि इंजिनाला वजन आल्यासारखं दिसतं. मालगाडीच्या इंजिनाला छपरावर, पेंटोग्राफच्या आसपास, काळसर-तांबूस धूळ शोभते; तिथे तारेला घासून झडलेला कार्बन आणि तांबं साचतं. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला रंग लागू देऊ नका.

आपल्या घरात, आपल्या हवेत

जपानात घेतलेल्या पॉवर पॅकचा अडॅप्टर 100 व्होल्टचा असू शकतो. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो लावण्याआधी लेबलवर इनपुटचा आकडा वाचा. 100 ते 240 लिहिलेलं नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, नाहीतर पहिल्याच दिवशी पॅक जातो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात रुळांवर आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर काळपट थर धरतो. जून ते सप्टेंबर इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवावीत आणि पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून पाच मिनिटं चालवावीत. जुना फोम ओलाव्यानं चिकट होऊन रंगाला डकतो, म्हणून इंजिन आधी बटर पेपरमध्ये गुंडाळून मगच फोममध्ये ठेवा. तेल वर्षाकाठी एकदा, प्लास्टिकला चालेल असं हलकं, मोटरच्या दोन्ही बेअरिंगवर सुईच्या टोकाइतकंच. शिलाई मशीनचं तेल प्रत्येक प्लास्टिकला सोसेल असं नाही, म्हणून लेबलवर प्लास्टिकला चालतं असं लिहिलेलं तेल घ्या. रबरी टायर आपल्या उन्हाळ्यात लवकर कडक होऊन तडकतात. इंजिन मागवताना त्याच यादीत टायरचं एक पाकीट आणि पेंटोग्राफची एक जोडी लिहा, कारण नंतर नुसत्या त्या दोन वस्तूंसाठी जपानहून पार्सल मागवणं फार महाग पडतं.